जुळणारे आकडे

हॅमट्रॅमॅकच्या त्या गल्लीत
गॅरेजचं शटर अर्ध्यावर अडकतं.
"डोकं सांभाळा," बर्नाडीनबाई म्हणाल्या,
"कॅझ चाळीस वर्षं आपटायचा."

चादर ओढली.
सत्तर सालची प्लिमथ, वांग्याच्या सालीसारखी जांभळी,
नाकानेच अर्धं गॅरेज व्यापलेली.

मी मोल सांगणारा माणूस.
इंजिनावरचा आकडा चिंधीने पुसतो,
काचेखालच्या पट्टीशी ताडून बघतो,
पत्रिका जुळवावी तसा.
जुळला, तर घराएवढी किंमत;
न जुळला, तर जुनी गाडी, नुसती गुरगुरणारी.

नाही जुळला.
"सत्त्याहत्तरच्या थंडीत फुटलं ते," बाई म्हणाल्या.
"दवाखान्यात निघालो होतो. थेरेसा वाटेतच झाली,
मागच्या सीटवर."
मी वहीत लिहिलं: इंजिन मूळचं नाही.
मागची सीट, डाग.

पेट्रोल महागलं तेव्हा हिला कुणी फुकट नेईना.
आता ॲरिझोनात तंबू ठोकतात,
लिलाववाला श्वास न घेता बोलतो,
आणि दातांचे डॉक्टर हात वर करतात
पोरपणी भिंतीवर डकवलेल्या एका चित्रासाठी.
घेतात. चालवत नाहीत.
एकेक मैल अंगाला लागतो.

सीट उचलली.
स्प्रिंगांत कागद, एक कोपरा उंदराने खाल्लेला:
या गाडीला काय काय बसवायचं, त्याची कारखान्यातली यादी.
माझा आवाज चढला.
"बाई, वीस हजार वाढले! निदान वीस."

त्यांनी चष्मा लावला.
बराच वेळ.
"सीटा बसवायचं काम त्याचंच. दुसरी पाळी.
यादी वाचायची आणि कोंबायची स्प्रिंगांत,
टाकायला जायला वेळ कुठं होता!
तासाला चार डॉलर…
म्हणजे ही त्यानंच?"

मला काय ठाऊक.
त्या लाइनवर हात थोडे होते का?
खाली पेन्सिलची एक फुली होती,
कुणाचीही असेल.

"गाडी न्या," त्या म्हणाल्या,
कागद जुन्याच दुमडीवर मिटत,
"वीस हजार कमी लिहा."

लिहिलं.
बाहेर पडताना
वाकायचं राहून गेलं.