आतलं पुरतं का

जेल रोडवरच्या आमच्या दुकानात
काचेमागे पिवळे डबे उभे असतात रांगेनं.
प्रत्येकावर ढाल, ढालीवर सिंह,
आणि सिंहाच्या पोटात
पंचवीस अक्षरांची एक चिठ्ठी फक्त,
वर्षभरानं विझणारी.
एक डबा विकला की मला ऐंशी रुपये.

लोकमान्य नगरातून मुळ्ये काकूंचा फोन:
"घेऊ का राहू देऊ? खरं सांग, श्रीरंग.
कॉम्प्युटरबरोबर आतूनच येतं ना जे, फुकटचं,
तेवढं पुरतं का?"

पुरतं का.
हा प्रश्न मी आईच्या तोंडून ऐकत आलोय,
तुरीच्या डब्यात हात घालून विचारलेला,
सिलिंडर हलवून बघत विचारलेला,
देवासहून न सांगता सहा माणसं आली की
पातेल्यावरचं झाकण उचलून
हळूच स्वतःलाच विचारलेला.
उत्तर पातेल्यात कधीच नसायचं.
वाढणाऱ्या हातात असायचं.

तरी स्कूटरला डबा बांधून गेलोच.
ऐंशी रुपये ऐंशी असतात.

फाटकावर धन्नालालनं अडवलं:
कोणाकडे, काय काम, इथं सही.
वर काकू म्हणाल्या, "रागावते मी त्याला,
आल्यागेल्याला किती छळतो!"

मॉनिटरवर क्रोशाचा रुमाल.
रुमालाखाली चिकटवलेला पासवर्ड, लाल शाईत,
अक्षर मोत्यासारखं,
तीस वर्षं फळ्यावर फिरलेला हात.
आत काय काय आहे, मी विचारलं.
"एकवीस बायकांच्या भिशीचा हिशोब.
पाणीपट्टीच्या पावत्या.
आणि बाराखडी रे, चित्रांची, मीच करतेय,
आपल्या इथल्या पोरांना 'ळ' म्हणता येत नाही ना.
'ह'पर्यंत आलेय."

आतला पहारेकरी बंद पडला नव्हता.
बंद केला होता.
मे महिन्यात नातू आला, ओजस,
त्यानं कुठूनसा मोटारींचा खेळ उतरवला,
आणि खेळाची अटच होती: आधी पहारा उठवा.
पहाऱ्यानं लाल होऊन तीनदा विचारलं असणार.
ओजसनं तीनदा 'हो' म्हटलं.
पुढचे दोनशे चौदा दिवस
काकू 'नंतर' दाबत राहिल्या.
"दरवेळी मध्ये काहीतरी असायचं रे.
दूध वर आलेलं, नाहीतर बेल वाजलेली."

खेळ काढला. त्याच्या पोटात तीन निघाले,
एक तर गाढ झोपलेला.
पहारा जागा केला, त्याला सात महिन्यांचं जेवण वाढलं,
ते तो सावकाश, टक्क्याटक्क्यानं जेवत बसला.
तोवर भिशी, पाणीपट्टी, अ ते ह
बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर उतरवून म्हटलं,
हा मशीनला लावून ठेवू नका.
तांदळाच्या डब्यात ठेवा, अंगठीसारखा.

"आणि तो सिंहाचा डबा?"
राहू दे स्कूटरवर.
आतलं पुरतं, काकू,
उपाशी ठेवलं नाही तर.
तो ओरडला की ऐकलं तर.
आणि फोनवर कोणी गोड आवाजात
आकडे मागितले, तर तिथे
आतलाही पुरत नाही
आणि माझा सिंहही.

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.
मग रुमालाखालचा कागद
नखानं खरवडायला लागल्या.

निघताना लसूण शेवेचा पुडा हातात.
खाली धन्नालालनं पुन्हा सही मागितली.
केली, वेळसुद्धा घातली.

शेठनं विचारलं, "विकला का?"
म्हटलं, संक्रांतीनंतर बघू म्हणाल्या.
खोटं बोलायलाही
ऐंशी रुपयेच लागले.

रात्री घरी, माझ्या स्वतःच्या मशीनवर
कोपऱ्यात तो निळा चौकोन:
आता, की नंतर?
तोंडात काकूंची शेव, बोटांना तेल,
आणि बोट, सवयीनं,
'नंतर'कडे निघालेलं.