वळणावरचा डंक

पत्ता विचारला की लोक सांगायचे,
गंगावेशीकडनं सरळ जावा,
जिथं शिंक येईल तिथं डावीकडं वळा.
पाटी कधी लावलीच नाही.
सव्वीस उन्हाळे आमचा डंक
लोकांच्या नाकावर चालला.

आता शेजारची ऋतिका म्हणते, मावशी, नाव पाहिजे.
नावाशिवाय तिकडं जागा मिळत नाही.
जागा म्हणजे किती फूट?
फूट नाही हो, वर्षावर भाडं.
पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपये,
दुसऱ्या वर्षाचा आकडा खाली, मुंगीएवढ्या अक्षरात.
चष्मा लावून वाचला.
मिरचीच्या बाजारात असला व्यापारी मी
पोत्यात हात घालायच्या आधी ओळखते.

लक्ष्मीपुरीतनं मोईन शिकलगार आला,
खोक्यातनं राउटर काढला.
पांढराशुभ्र, दोन कान उभे, भेदरलेला ससा.
कुठं लावू, म्हणाला.
कुठंही लाव, तिखट तिथं येणारच.
संध्याकाळपर्यंत पांढऱ्याचा तांबडा झाला,
कोल्हापुरात दोन्ही चालतंय.

पण मोटर सुरू झाली की
बल्ब मान टाकतो आणि ससा डोळे मिटतो.
वेगळी लाइन ओढा, बॅटरी बसवा, मोईनचा हिशोब.
म्हटलं, अरे, दुपारी एक ते तीन डंक गार असतो,
तेवढ्यात काय ती दुकानदारी कर.
म्हणाला, चाची, रात्री दोनलाही
कुणाला तरी चटणीची आठवण येते.
त्याची आई गेल्या साली गेली. तिचा मसाला मीच कुटायची.
बॅटरी घेतली.

कुरिअरवाले तिघं येऊन गेले.
एकाचा टेम्पो दारात, फोन मात्र दिल्लीत उचलतात.
दुसरा डब्याची लांबी-रुंदी मापत बसला,
डब्यात हवा जास्त, म्हणून वजन जास्त.
हवेचे पैसे घेणारा माणूस
आयुष्यात पहिल्यांदा बघितला.
त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.
तिसरा गप्प होता. त्यानं
पिशवी उलटी धरली, सांडत नाही बघितलं.
त्याचा नंबर भिंतीवर लिहिला.

काटा नवीन घेतला. ग्रॅमला पक्का,
माशी बसली तरी आकडा हलतो.
पितळी मापं पुसून फळीवर ठेवली.
वजन झाल्यावर मी वर चिमूटभर टाकते,
सासूबाई टाकायच्या, म्हणून नव्हे,
गिऱ्हाईक हात पुढं करून थांबतं म्हणून.
ऋतिकाला विचारलं, हे वरचं
कुठल्या रकान्यात लिहायचं?
तिनं सगळे रकाने वर-खाली केले.
नाही.

फोटोचंही तसंच.
मोबाइलमध्ये माझी चटणी भगवट दिसते,
उन्हात धरली तर गुलाबी.
तिनं बोटानं रंग ओढून गडद केला.
म्हटलं, थांब.
एवढा लाल रंग बाजारात डब्यात मिळतो,
तो आपण वापरत नाही.
खिडकीपाशी, साडेचारच्या उन्हात,
जुन्या पांढऱ्या बशीत बसला एकदाचा रंग.

राहिलं नाव.
देवाचं नाव टाकलं, गेलेलं.
आडनाव टाकलं, चौगुले जगात लई.
शेवटी वैतागून म्हटलं, शिंक लिही.
तिनं लिहिलं. इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येते म्हणे,
तीन विकल्या होत्या, एक आमच्यासाठी थांबली होती.

आठ दिवस काही नाही.
मी मोटर बंद करून मधेच कानोसा घ्यायची,
ससा जिता आहे का.

नवव्या रात्री फोन वाजला.
अर्धा किलो, मध्यम तिखट.
ऋतिकानं पत्ता वाचला आणि हसू आवरेना,
मागच्या गल्लीतले सासने.
वहीत ज्यांच्या नावाची दोन पानं उधारीची,
त्यांनी पैसे आधी भरलेत,
वर साठ रुपये कुरिअरचे.

सकाळी पिशवी बांधली, वर चिमूट टाकली,
चप्पल घालून स्वतःच निघाले.
ते साठ रुपये परत कसे द्यायचे,
ते बटण अजून सापडलेलं नाही.