सामान सांभाळणारी माणसं

जुलैचा दुसरा आठवडा. ओहायोत ऊन मी म्हणत होतं.
एरी सरोवरावरून वारा यायचा तो तळणीचा वास घेऊन,
आणि लोरेटा म्हणाली, "पंचवीस वर्षांत वास तेवढा बदलला नाही."
बाकी सगळं बदललं. तिकीट, पार्किंग, माझे गुडघे.
जुना लाकडी रोलरकोस्टर पाडून तिथे लोखंडी उभा केलाय,
निळा, आमच्या शहरातल्या कुठल्याही चर्चपेक्षा उंच.

रांगेच्या तोंडाशी पाटी: कुणी कुणी बसू नये.
लोरेटाने ती तीनदा वाचली,
मग माझ्या छातीकडे पाहिलं, जिथे शर्टाखाली
फेब्रुवारीतली शिवण आहे.
"तो बाक रिकामा आहे," ती म्हणाली.
बस्स, एवढंच.

बाकावरून बघितलं की माणसं पूर्ण दिसतात,
रांगेत नुसत्या माना.
पिवळ्या टी-शर्टातलं एक अख्खं खानदान गेलं,
छातीवर छापलेलं: बर्गस्ट्रॉम मेळावा.
त्यातल्या एका पोरानं शर्ट उलटा घातला होता,
आणि तो सगळ्यांच्या चार पावलं मागे चालत होता,
आपला या लोकांशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं.
एका गृहस्थानं रिंगा टाकून कापडी केळं जिंकलेलं, माणसाएवढं.
उपाहारगृहात केळं खुर्चीवर बसलं होतं
आणि त्याची बायको उभ्यानं सूप पीत होती.
नकाशावरून एक नवं जोडपं भांडत होतं, दबक्या आवाजात.
आम्ही आता मोठ्यानं भांडतो.
लवकर संपतं.

उंची मोजायच्या पट्टीपाशी एक मुलगी,
बुटांत कागदी रुमालांचे बोळे कोंबून आलेली.
तरी बोटभर कमी पडली.
पट्टीवरच्या पोराचं नाक उन्हानं सोललेलं, बिल्ल्यावर नाव एल्डन.
त्यानं बुटांकडे पाहिलं, बोलला काही नाही,
पेन काढून तिच्या तळहातावर पुढच्या वर्षाचा आकडा लिहिला.
मुलगी दिवसभर ती मूठ मिटूनच हिंडली.

मग एक चष्मेवाला पोरगा आमच्यापुढे थांबला.
"जरा धराल?" म्हणत कागदी कपात चष्मा
आणि कानातलं यंत्र टाकून पळाला सुद्धा.
ते मागच्यांनी पाहिलं.
दोन वाजेपर्यंत आमच्याकडे सात टोप्या होत्या,
एक इन्हेलर, अर्धी खाल्लेली लोणच्याची काकडी,
आणि टोलेडोच्या एका बाईची अंगठी, वर उडून जाईल म्हणून दिलेली.
लोरेटाने ती अंगठ्यात घातली, मूठ मांडीवर ठेवली,
आणि उठायचं नाव घेईना.
कुणी आमचं नावही विचारलं नव्हतं.
"तुझा चेहराच पोस्टमनचा," ती म्हणाली.
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची पाकिटं वाहिली
न उघडता.

वरून किंकाळ्या येत. एकेक गाडी कड्यावर क्षणभर थबके,
आणि तेव्हा माझाही हात आपोआप शिवणीवर जाई.
लोरेटा बघायची. मग काकडीकडे बघायची.

तो पोरगा उतरला तो भलत्याच बाकाकडे,
हात पुढे करून, धुक्यातून चालल्यासारखा.
लोरेटाने उठून कप त्याच्या हातात दिला.
"काय भारी होतं!" तो ओरडला,
स्वतःचा आवाज त्याला ऐकूच येत नव्हता,
आणि चार बाकांवरचे लोक हसले, मीसुद्धा,
टाके ओढले जाईपर्यंत.

संध्याकाळी ज्याचं त्यानं नेलं.
अंगठीवाली सगळ्यात शेवटी आली. लोरेटाच्या अंगठ्यातून ती निघेना,
लोण्याचं पुडकं मागून आणावं लागलं.
एक कंगवा मात्र राहिला, दोन दाते तुटलेला,
कुणी मागायलाच आलं नाही.
गाडीच्या खणात आहे अजून, टायरच्या पावत्यांखाली.
मी टाकायला निघालो की लोरेटा म्हणते,
असू दे, पुढच्या वर्षी नेऊ.