दोन नळ्या

ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून खाली येतात
आणि पहिली मेंढी दरवर्षी हेर्गेयर सोलतो.
यंदा सुरी त्यानं माझ्या हातात दिली.
गोठ्याच्या चौकटीला पाठ टेकून उभा राहिला,
धाप बसेपर्यंत समुद्राकडे बघत,
जणू तिकडून कुणी यायचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी तोर्शहावनला
त्याचं मोठं आतडं काढून टाकलं.
त्याआधीची सात वर्षं मी मोजत नाही:
अर्धं जाळं ओढून खाली पळणारा हेर्गेयर,
रक्त दिसू नये म्हणून दोनदा पाणी सोडणारा,
बहिणीच्या लग्नात नुसता बटाटा चिवडत बसलेला.
शुद्धीवर आल्या आल्या म्हणाला,
"गेली ब्याद. बादलीत गेली."
आम्ही हसलो. तोही हसला,
टाक्यांना हात लावून, जपून.

ब्याद बादलीत मावली नव्हती.

गवत कापायच्या दिवसांत खोकला आला.
गवताचा असेल, म्हटलं.
गवत वाळलं, रचलं, मेंढ्यांनी खाल्लं;
खोकला तिथंच.
रोज सकाळी मोरीत अर्धा पेला कफ,
आणि रात्री अशी ढास
की भिंतीपलीकडे मी पाय जवळ घेऊन बसायचो.
सिगारेट? कधीच नाही.
घरात ओल, बुरशी?
या बेटांवर ओल नसलेलं घर दाखवा, डॉक्टरसाहेब.
तीनदा अँटिबायोटिक झाली, एकदा टीबीची तपासणी.
पोटाबद्दल कुणी विचारलं नाही
आणि तो आपणहून सांगणारा नव्हे.
छातीच्या डॉक्टरपुढे माणूस छातीपुरताच शर्ट वर करतो.

मग समुद्राखालच्या बोगद्यातून पुन्हा एकदा राजधानीला.
डॉक्टर बिर्ना, माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं शर्ट आणखी वर करायला सांगितला,
पिशवीकडे बघितलं आणि विचारलं,
"हे कधी झालं?"
एवढंच. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिनं एका पाकिटाच्या पाठीवर नळी काढली.
आईच्या पोटात, चौथ्या आठवड्यात, एकच नळी असते;
तिला कोंब फुटतो आणि त्या कोंबाची फुप्फुसं होतात.
नळीचं उरलेलं अंग जेवायला बसतं.
आतडं काढलं तरी आजाराला कदाचित
भावाच्या घराची वाट आठवत असेल.
कदाचित, ती दोनदा म्हणाली.
न कळलेलं न कळलेलं म्हणून सांगणारी.
मला ती आवडली.

आतड्याचं माणूस म्हणतात
ते इतकं शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं.
की होतं?
वडिलांनी शिकवलं होतं:
आधी अन्ननळीला गाठ मार,
मग गळ्याशी दोन बोटं घाल, दोन्ही नळ्या एकत्र धर,
आणि मागं न बघता ओढ.
फुप्फुसं येतात, काळीज येतं,
मागोमाग गरम भेंडोळं.
"एकाला ओढलं की दुसरं येतंच."
ते मेंढीबद्दल बोलत होते.

माझंही तसलंच आहे. इथं बऱ्याच घरांत असतं.
माझं अजून पोटातच, गोळ्यांनी निजवलेलं.
रात्री दिवा मालवून मी श्वास सोडतो, हळूहळू,
आणि शेवटाला शीळ येते का ऐकतो.
येते कधी कधी.
वाऱ्याची असेल. इथं वारा असतोच.

स्टेरॉइड ओढायचं यंत्र मिठाच्या डब्याशेजारी ठेवलंय,
म्हणजे विसरायला नको.
कफ उतरला. पेल्याचा तळ झाकेल इतकाच आता.
चढण मात्र तो अजून बोलत बोलत चढत नाही.

मी बोटं घातली.
"गाठ," दारातून आवाज आला.
मारली.
"घट्ट?"
त्याला ढास लागली. मी थांबलो,
मेंढीची वाफ माझ्या मनगटांवरून वर जात राहिली,
आणि दोन्ही नळ्या, एक मऊ, एक कड्याकड्यांची,
माझ्या मुठीत.

"ओढ की," तो म्हणाला. "थंड होतेय."