मेन

मेन स्विच कुठे लावायचा
हे इनासबाब कागदावर विचारतो.
मी म्हणतो, कागद ठेव खिशात, चल, चालून बघू.

कुटबणच्या जेटीवर त्याचा बर्फाचा कारखाना,
मागे साळ नदी, पुढे ट्रॉलरांनी ओकलेलं डिझेल.
जुना मेन आत होता, कॉम्प्रेसरच्या पाठीमागे.
कोणा शहाण्याने लावलेला,
चार मीटर केबल वाचली म्हणून.

ती चार मीटर
तुळशीदासने गेल्या नाताळाआधी भरून दिली.
व्हॉल्व्हची ग्लँड फुटली, अमोनिया पांढरा होऊन आला
आणि मशीन थांबवायला कोणीतरी आत जायला हवं होतं.
तोंडावर ओला टॉवेल, डोळे मिटलेले,
तो मोजत गेला. अकरा पावलं.
खटका ओढला. परत अकरा.
दहाव्यालाच त्याने श्वास घेतला.
त्या एका श्वासावर
अजून बांबोळीचं औषध चालू आहे.

आज तोच माझ्या टेपचं दुसरं टोक धरून उभा.
बोलतो कमी. खोकला आला की टेप थरथरते,
मी आकडा पुन्हा वाचतो.

"बाहेर नको," इनासबाब म्हणतो,
"खारा वारा पत्रा खातो. आणि शनिवारी रात्री
एखादा तर्र खलाशी मजेत ओढील.
वीस टन बर्फ. पाणी. कोण देणार?"
खरं आहे त्याचं.
पत्र्याचं उत्तर माझ्याकडे आहे: फायबरची पेटी, वर छप्पर,
तळाला निथळायला भोक, भोकाला जाळी,
नाहीतर मुंग्या वारूळ करतात.
खलाशाचं उत्तर नाही.

"कुलूप घालू."
किल्ली कोणाकडे?
"माझ्याकडे."
आणि तू?
"मडगावला."
हे तो म्हणाला आणि स्वतःच खाली बघत राहिला.

दिवसा वारा बेतूलच्या तोंडातून येतो,
गॅस डोंगराकडे जाईल.
रात्री डोंगर उसासा सोडतो, गॅस दर्याकडे.
म्हणून पूर्वेची भिंत नको, पश्चिमेचीही नको.
राहतो उत्तरेच्या फाटकाजवळचा खांब,
जिथे वीज खात्याची केबल जमिनीतून वर येते,
जिथे वजनकाटा, जिथे दिवा,
जिथे ते एका कानाचं कुत्रं झोपतं.

उंची माझ्या खांद्याइतकी ठेवू, मी म्हणालो.
तुळशीदासने टेप सोडून दिली.
पाट्या भरणाऱ्या सुशांतीला हाक मारली.
ती झारसुगुड्याची, माझ्या कोपराला लागते.
"दार उघडतेस तसा हात धर."
तिच्या मुठीपाशी त्याने खडूची रेघ ओढली,
माझ्याकडे न बघता.

पाटी कोणत्या भाषेत?
कोकणी, मराठी, हिंदी, उडिया, एवढी जागा नव्हती
आणि रात्रपाळीच्या दोघांना यातलं एकही वाचता येत नाही.
तांबडा रंग घेतला.
दांडा खाली म्हणजे बंद,
पडता पडता माणसाने धरला
तरी त्याच्या वजनाने ओढला जावा.

संध्याकाळी इनासबाबने खिशातलं नवं कुलूप काढलं,
तळव्यावर उलटंपालटं केलं,
वजनकाट्यावर ठेवून दिलं.
काट्याने काहीच दाखवलं नाही.
पाट्या मोजणारा काटा तो,
शेपन्नास ग्रॅम त्याच्या खिजगणतीत नसतात.

मग सुशांतीने दांडा ओढला.

आधी पंखे बसले, मग पट्टा,
मग ती भणभण, जिला आम्ही सगळे
शांतता समजत होतो.
आणि सोळा वर्षांत इथे कोणी न ऐकलेलं ऐकू आलं:
जेटीच्या खांबांना चाटणारं साळचं पाणी.
कुत्रं उठून बसलं.
तुळशीदासने तोंड उघडून हळूहळू हवा आत घेतली.
खोकला आलाच.

"पुरे," इनासबाब म्हणाला, "बर्फ सुटेल. चालू कर."
पण म्हणताना तो
दोन पावलं पाण्याच्या बाजूला सरकला होता.