नारिंगी, नावाआधी

मार्चमध्ये ल्यूननबर्गला रंग उसने आणावे लागतात.
बंदर शिशाचं, आभाळ त्याच्यावरचं झाकण,
आणि बर्फ तर आता पांढराही उरलेला नसतो.
अशा दिवसांत मी वर्ग सुरू करते
अग्निशमन केंद्रामागच्या खोलीत:
सात माणसं, सात कॅमेरे, चहाची एक किटली.

सांगते ते दरवर्षी तेच.
चाला. काही शोधू नका.
एखादा रंग तुम्हाला अडवेल, तिथे थांबा.
ते दार आहे की डबा, कुणाचं, कशाला, विचारू नका.
नाव पुढच्या दाराने आलं
की रंग मागच्या दाराने निघून जातो.
नावाआधी एक श्वास असतो,
तेवढ्यात बटण दाबा.

झिंकबाईंनी बेकरीच्या वाफाळ काचेतला गुलाबी आणला.
शाळकरी कोर्मॅकने पेट्रोलपंपावरच्या डबक्यातला मोरपंखी.
ऑरिन निकलने काहीच आणलं नाही,
तीन आठवडे.
चाळीस वर्षं शिंपल्यांच्या जहाजांवर काढलेला माणूस,
कॅमेरा धरायचा तर अंडं धरल्यासारखा.

चौथ्या मंगळवारी मी त्याच्याबरोबर निघाले.
धक्क्यावर, जाळ्यांच्या ढिगाशेजारी
एक रबरी हातमोजा पडला होता, उताणा.
नारिंगी.
असा, की सगळं बंदर थंडीचं
त्याच्याभोवती शेकायला बसलेलं.
मी कुजबुजले, हा बघ, हाच.
नाव देऊ नकोस.

तो बघत राहिला.
मग मासळीचा भाव सांगावा तसं म्हणाला,
"हा रंग आम्ही माणूस सापडावा म्हणून घालतो."
आणि बऱ्याच वेळाने,
"लायलने घातला होता."

धाकटा भाऊ. नोव्हेंबर. सेबल बेटाच्या अलीकडे.
गावात कुणाला माहीत नाही?
दोन दिवस पाण्यावर हेलिकॉप्टर फिरत होतं,
खाली जहाजावर ऑरिन, कठड्याला धरून.

घरी येऊन मी जुना तक्ता काढला,
बटाट्यांच्या खोक्यात तळाला घातलेला:
निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे आनंद,
नारिंगी म्हणजे ऊब, उत्साह, स्वागत.
स्वागत!
तक्ता परत खोक्यात घातला, वर बटाटे.
पण माझ्या श्वासाचं काय करायचं होतं?
वीस वर्षं शिकवलेला तो, नावाआधीचा, स्वच्छ.
ऑरिनच्या आणि नारिंगीच्या मध्ये
तो उरलाच नव्हता.
किंवा उरला होता, आणि दोन दिवस लांब होता,
पंख्याच्या घरघरीने भरलेला.

शेवटच्या मंगळवारी त्याने एकच फोटो भिंतीवर लावला.
करडा. या कडेपासून त्या कडेपर्यंत.
क्षितिज नाही, पक्षी नाही, होडी नाही.
कोर्मॅक म्हणाला, यात तर काहीच नाहीये.
आम्ही खुर्च्या जवळ ओढल्या.
हळूहळू त्या करड्यात शेवाळी दिसू लागला,
मग जांभळाची साल,
मग खाली कोपऱ्यात एक मळकट उजेड,
चहात दूध घालताना क्षणभर दिसतो तसा.

"तेव्हा मी नारिंगीच शोधत होतो," ऑरिन म्हणाला,
"दोन्ही दिवस.
याच्याकडे बघितलंच नाही.
तो तर सगळा वेळ यातच होता."

झिंकबाई उठल्या, किटली भरायच्या निमित्ताने,
आणि नळ बराच वेळ चालू राहिला.
मी शिक्षिका. काहीतरी बोलायला हवं होतं.
मी दिवा थोडा तिरका केला,
फोटोवर चकाकी येत होती म्हणून.

परतताना धक्क्यावरून गेले.
हातमोजा कुणीतरी उचलून खुंटावर अडकवला होता,
ज्याचा आहे तो येईल म्हणून,
बोटं वर.
डाव्या हाताचा होता.
त्या दिवशी एवढा वेळ बघत होते,
हे मला दिसलं नव्हतं.