खूण

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला, पिंचर्स कोव्हमध्ये,
समुद्राला नकाशा नसतो, खुणा असतात.
अकराव्या वर्षी बापाने होडीत उभं करून सांगितलं:
"देवळाचा कळस हॅगर्टीच्या खाचेत बसला
की गळ सोड.
डावीकडे सरकला तर खाली चिखल.
उजवीकडे सरकला तर खडक, आणि मग तू नाहीस."

एवढंच शिक्षण.
त्यावर चाळीस वर्षं चूल पेटली.

मग सरकारी कागद आला: कॉड संपला, मासेमारी बंद.
दोन वर्षं म्हणाले होते.
हे सहावं.
ऑगस्टीन अल्बर्टात तेल उपसायला गेला,
लोरेटा टोरोंटोत कुणाच्या तरी आईला आंघोळ घालते,
आणि माझी होडी अंगणात पालथी,
पोटाखाली कोंबड्या.

माझं काय गेलं विचाराल
तर मासा नव्हे. नजर.
डोळे शाबूत आहेत, डॉक्टरने सगळी अक्षरं वाचून घेतली,
पण ते कशावर ठरत नाहीत.
चहा ठेवतो, किटली जळते.
दाराशी जातो
आणि का आलो ते दारालाच विचारतो.
रात्री गुडघे टेकतो, पित्याला हाक मारतो,
आणि पुढचा शब्द यायच्या आत
बँक, इंजिनाचा हप्ता, लोरेटाचा खोकला,
पुन्हा बँक.
नांगर घासत जातो नुसता,
तळ पकडत नाही.

रविवारी देवळात आम्ही सात जण.
फादर लँबर्ट महिन्यातून एकदा, तीन गावं करून येतात,
प्रवचनात त्यांचेच डोळे मिटतात.
मागच्या खेपेला म्हणाले,
बिशपच्या कचेरीतून विचारणा आहे,
हे देऊळ ठेवायचं की.
"की"च्या पुढे ते बोलले नाहीत.

सोमवारी दारात फिलोमीना क्रोक, वय चौऱ्याऐंशी.
हातात डबा, मेलेल्या नवऱ्याच्या होडीचा पांढरा रंग.
"अर्धा उरलाय, सायरिल. कळसाला लाव."
म्हटलं, "बाई, देऊळच राहतंय की नाही..."
"रंग राहत नाही," ती म्हणाली,
"ते आधी बघ."

शिडी धरायला डनफीचा पोरगा.
वर वारा. माझे गुडघे माझे नव्हतेच.
तेव्हा तो कोळी आठवला, आमच्याच धंद्यातला,
पाण्यावर पाऊल टाकलं, चार पावलं चालला,
आणि वाऱ्याकडे बघितलं.
मला कायम वाटायचं, काय हा अडाणी माणूस.
वर गेल्यावर कळलं,
वारा दिसतच राहतो.

म्हणून फळी पाहिली.
एक फळी.
मग तिच्या शेजारची.
एक शब्द, एक हात रंग.
राज्य येण्याच्या ओळीपर्यंत पोचलो
तरी बँक आली नव्हती.
म्हणजे आली होती,
पण शिडीच्या पायथ्याशी पोरासोबत थांबली.

मग ब्रश बुडवायला वळलो.
पाठीला खाच, समोर समुद्र,
आणि त्याच रेषेत, चिखल नि खडक यांच्या मधे,
ती जागा.
तळहाताएवढं करडं पाणी, बाकी पाण्यासारखंच.
चाळीस वर्षं मी तिथून इथे पाहिलं.
इथून तिथे कधीच नाही.

किती लख्ख दिसतं.
होडी असती तर वल्हं दिसलं असतं,
वल्ह्यावरचा हातमोजाही.
ज्या पहाटे धुक्यात मी
शिव्या देत, रडत, कळस शोधत होतो
तेव्हा धुकं कदाचित
माझ्या डोक्याएवढंच उंच होतं.
शोधणारा मी एकटाच,
असं मी धरून चाललो होतो.

खाली उतरलो तेव्हा पोराने विचारलं,
"वर काय बघत बसला होतात?"
सांगता आलं नाही. म्हटलं, मीच होतो तिथे.
तो हसला.

कॉड परतलेला नाही.
बिशपचं पत्रही नाही.
ऑगस्टीन फोन करत नाही.
रंग समुद्राकडच्या बाजूपुरताच पुरला,
मागून कळस अजून करडाच आहे.

संध्याकाळी किटली ठेवली
आणि तिने शिट्टी देईपर्यंत
तिच्याजवळ उभा राहिलो.